टेक्निकल स्पेसिफिकेशन आणि कामाचा स्कोप: तपासता येईल असं कसं लिहायचं

मालकाचा इंजिनिअर आणि कंत्राटदाराचा इंजिनिअर साइटवर हुज्जत घालताना दिसले, तर विषय बहुधा काउंटर फ्लँज (पंपाच्या किंवा व्हॉल्व्हच्या फ्लँजला जुळणारी, पाइपाच्या टोकाची बोल्ट लावायची चकती) कोणी आणायचा हा असतो. पंपाचा प्रवाह, हेड (पंप पाणी किती मीटर उंच चढवू शकतो ते), मोटरची ताकद हे मोठे मुद्दे कागदावर सहसा नीट येतात, कारण सगळ्यांची नजर त्यांच्यावरच असते. घोडं पेंड खातं ते गास्केट, केबल ग्लँड, पहिलं तेल, जुन्या यंत्राचं भंगार अशा किरकोळ गोष्टींपाशी. त्यांची किंमत थोडी असते, पण त्यांच्यापायी सगळं कमिशनिंग, म्हणजे यंत्र तपासून चालू करणं, खोळंबतं.

समजायला सोपं जावं म्हणून लेखभर एकच उदाहरण घेऊ. चालू प्लांटमधला कूलिंग वॉटरचा जुना पंप काढून त्याच जागी नवा बसवायचा आहे. यंत्र साधं आहे, त्यामुळे लक्ष लिखाणावर राहील. इमारत असो, रस्ता असो की कंट्रोल पॅनेल, पद्धत हीच.

सुरुवातीलाच एक कसोटी ठरवून टाका. प्रत्येक वाक्य लिहून झालं की स्वतःला विचारायचं: हे झालं की नाही, हे कोण, कशाने आणि कधी तपासणार? उत्तर सापडत नसेल तर ते वाक्य बदला, नाहीतर खोडा.

१. आधी दोन कागद वेगळे करा

वस्तू कशी हवी, हे स्पेसिफिकेशन सांगतं. कोणी काय करायचं आणि कुठून कुठपर्यंत, हे स्कोप सांगतो. दोन्हींची सरमिसळ झाली की काम निसटतं. समजा स्पेसिफिकेशनमध्ये लिहिलं, 'पंपाची बेसप्लेट एपॉक्सी ग्राउटवर बसवलेली असावी.' आता ग्राउट, म्हणजे बेसप्लेटखाली ओतून घट्ट होणारं मिश्रण, कोणाचं? पंपवाला म्हणतो, आम्ही फक्त पंप देतो. सिव्हिलवाला म्हणतो, माझ्या यादीत ग्राउट नाही. दोघंही हात वर करतात आणि कागद दोघांच्याही बाजूने असतो. ग्राउट कोणत्या प्रकारचं आणि किती जाडीचं, हे स्पेसिफिकेशनमध्ये. ते कोण पुरवणार, कोण ओतणार आणि ओतण्याआधी लेव्हल कोण तपासणार, हे स्कोपमध्ये.

पैसे, दंड, वॉरंटी यांच्या अटी तिसऱ्या कागदात म्हणजे करारात राहू द्या. त्या इथे पुन्हा लिहिल्या की दोन ठिकाणी दोन वेगळे आकडे येतात, आणि ते कधीतरी येतातच.

२. लिहायला बसण्याआधी साइटवर जा

जुन्या पंपाच्या नेमप्लेटवरून आकडे उतरवून घेणं हा सगळ्यात सोपा आणि सगळ्यात फसवा मार्ग. त्या वेळी काय विकत घेतलं, एवढंच नेमप्लेट सांगते. मधल्या काळात पाइपलाइन वाढलेली असते, दोन जादा हीट एक्स्चेंजर लागलेले असतात, किंवा पंप मुळातच मोठा घेतल्यामुळे डिस्चार्ज व्हॉल्व्ह कायमचा अर्धा बंद असतो. म्हणून ऑपरेटरला विचारा: एकच पंप चालू असतो तेव्हा व्हॉल्व्ह किती उघडा ठेवता? गेजवर काँटा कुठे असतो? कोणत्या ऋतूत त्रास होतो? डेटाशीटमधले, म्हणजे पंपाच्या तांत्रिक माहितीच्या तक्त्यातले, कित्येक रकाने या तीन प्रश्नांतून भरून निघतात.

प्रवाह आणि हेड यांच्या जोडीला किमान आणि कमाल प्रवाह, पाण्याचं तापमान, त्यातले क्लोराइड आणि गाळ, उपलब्ध एनपीएसएच (सक्शनपाशी पाण्याची वाफ होऊ नये म्हणून हाताशी असलेला दाब), समांतर चालणारे दुसरे पंप, विजेचा व्होल्टेज आणि फ्रिक्वेन्सी, मोटर सुरू करण्याची पद्धत हेही लागतं. आजूबाजूच्या हवेचं तापमान विसरू नका. आयईसी ६००३४-१ प्रमाणे मोटरचं रेटिंग वेगळं काही सांगितलेलं नसेल तर ४० अंश सेल्सिअस आणि समुद्रसपाटीपासून १००० मीटर उंचीपर्यंत धरलं जातं. तुमचं पंपहाऊस त्याहून गरम किंवा उंचावर असेल आणि तुम्ही काही बोलला नाहीत, तर सप्लायर ४० अंशच धरेल, आणि त्यात त्याची काही चूक नाही.

तिथेच टेपही काढा. दाराची रुंदी, होइस्टची क्षमता, फाउंडेशन बोल्टमधली अंतरं, सक्शन आणि डिस्चार्ज फ्लँजची उंची, सध्याची केबल मोटरपर्यंत पुरते की नाही, सगळं मोजून घ्या. जुन्या ड्रॉइंगवर विसंबू नका. ड्रॉइंग निघाल्यानंतर तिथे कोणी वेल्डिंग केलं असेल, याचा नेम नाही.

३. स्कोप: सीमारेषा बोट ठेवून दाखवा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्यावा असं माझं मत आहे. बहुतेक जण मात्र तो डेटाशीटवर घालवतात.

'पंप पुरवणे, बसवणे व चालू करून देणे' हा स्कोप झाला नाही, ते शीर्षक झालं. स्कोप सुरू होतो टर्मिनल पॉइंटपासून, म्हणजे जिथे एकाचं काम संपतं आणि दुसऱ्याचं सुरू होतं त्या बिंदूपासून. तो बिंदू साइटवर उभं राहून बोटाने दाखवता आला पाहिजे. आपल्या उदाहरणात तो असा लिहिता येईल:

सक्शन बाजू: सध्याच्या सक्शन व्हॉल्व्हचा पंपाकडचा फ्लँज. व्हॉल्व्ह मालकाचा असून जागेवरच राहील. त्या फ्लँजपासून पंपापर्यंतचा स्पूल (पाइपचा तुकडा), रिड्यूसर (व्यास बदलणारा तुकडा), काउंटर फ्लँज, आणि व्हॉल्व्हच्या फ्लँजवरच्या जोडासकट सर्व गास्केट व नट-बोल्ट कंत्राटदार पुरवेल आणि बसवेल.

वीज: मोटरच्या टर्मिनल बॉक्समधले टर्मिनल. केबल मालक मोटरपर्यंत ओढेल आणि तिथे ३ मीटर जादा लांबी ठेवेल. ग्लँड, लग आणि टर्मिनेशन कंत्राटदाराचं. जोडण्याआधी केबलची मेगर टेस्ट (इन्सुलेशनची तपासणी) मालक करेल आणि रिपोर्ट कंत्राटदाराला देईल.

फाउंडेशन: सध्याचं काँक्रीट तसंच राहील. जुने बोल्ट कापणं, नवे अँकर बोल्ट बसवणं, पृष्ठभाग खरवडणं आणि ग्राउटिंग कंत्राटदाराचं.

'जोडासकट' हा एक शब्द काढून बघा. व्हॉल्व्ह मालकाचा, स्पूल कंत्राटदाराचा, मग दोघांमधलं गास्केट कोणाचं? लेखाच्या सुरुवातीची हुज्जत इथूनच जन्माला येते.

सीमा ठरली की आतल्या कामांचा तक्ता करा. उभ्या बाजूला वस्तू, आडव्या बाजूला क्रिया: डिझाइन, पुरवठा, वाहतूक, उतरवणं, साठवण, उभारणी, टेस्टिंग, कमिशनिंग. प्रत्येक चौकटीत एकच नाव यायला हवं. रिकामी चौकट म्हणजे पुढचं भांडण. एका चौकटीत दोन नावं असतील तर तेही भांडणच, फक्त जरा उशिरा होणारं. 'उतरवणं' हा वेगळा रकाना मुद्दाम ठेवला आहे. इन्कोटर्म्स २०२० मध्ये, म्हणजे माल कुठे आणि कसा पोचवायचा हे ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय व्यापारी अटींमध्ये, एकूण ११ नियम आहेत आणि त्यांपैकी फक्त डीपीयूमध्ये माल उतरवून देण्याची जबाबदारी विक्रेत्याची असते. डीएपी या अटीने (ठिकाणापर्यंत पोच, उतरवणं घेणाऱ्याचं) मागवलेला पंप गेटपर्यंत येईल आणि ट्रकवरच बसून राहील. क्रेन तुमची.

चालू प्लांटमध्ये काम असेल तर आणखी काही ओळी हव्यातच. शटडाउन किती तासांचा, तो कोणत्या क्षणी सुरू झाला असं मानायचं, लाइन आयसोलेट करून पाणी कोण काढणार, परमिट कोण मिळवणार, मालकाकडून परमिटला उशीर झाला तर वाट बघण्याचे तास कसे मोजणार. बांधकामासाठीची वीज, पाणी, मचाण, क्रेन हेही तिथेच. जुना पंप कोणाच्या मालकीचा आणि काढल्यावर कुठे नेऊन ठेवायचा, हेही लिहा. भंगाराला दर असतो, त्यामुळे त्यावर हक्क सांगणारे बरेच निघतात.

त्यानंतर 'या स्कोपमध्ये नाही' अशी छोटी यादी द्या. जगातल्या सगळ्या न करायच्या गोष्टी तिथे नकोत. वाचणारा सहज गृहीत धरेल अशाच लिहा, आणि प्रत्येकीसमोर ते काम कोण करणार तेही लिहा. वगळलेल्या कामाला धनी नसेल तर ते काम कोणीच करत नाही.

'काम पूर्ण करण्यासाठी लागणारी सर्व कामे, उल्लेख असो वा नसो' हे वाक्य मला फारसं आवडत नाही. सावध बोलीदार त्या अनिश्चिततेची किंमत दरात लावतो. बेसावध बोलीदार कमी दराने काम घेतो आणि नंतर भांडतो. ठेवायचंच असेल तर आखलेल्या सीमेच्या आतल्या किरकोळ साहित्यापुरतं ठेवा.

४. परिणाम मागायचा की पद्धत सांगायची, एक काहीतरी ठरवा

स्पेसिफिकेशन लिहिण्याच्या दोन तऱ्हा आहेत. एकीत फक्त परिणाम मागता: इतका प्रवाह, इतकं हेड, इतकी कार्यक्षमता. ते कसं साधायचं हा सप्लायरचा प्रश्न. दुसरीत पद्धत सांगता: हे मटेरियल, हा व्यास, हा मेक. एकाच गोष्टीला दोन्ही लावले की जबाबदारी विरघळून जाते. इम्पेलरचा, म्हणजे पंपातल्या फिरत्या चाकाचा, व्यासही तुम्हीच सांगितला आणि प्रवाहाची हमीही मागितलीत. प्रवाह कमी आला की सप्लायर शांतपणे म्हणेल, व्यास तुमचा होता. मटेरियल, जोडणीची मापं, सुटे भाग जुळणं अशा बाबतीत पद्धत सांगणं रास्त आहे. कामगिरीच्या बाबतीत परिणाम मागा आणि बाजूला व्हा.

५. एक कलम जवळून बघू

हे वाक्य कुठल्याही टेंडरमध्ये सापडेल: 'पंप उत्तम दर्जाचा, पुरेशा क्षमतेचा, गंजरोधक व कमी आवाजाचा असावा आणि त्याची योग्य ती चाचणी करण्यात यावी.'

यातला एकही शब्द तपासता येत नाही. चाचणी कोण, कुठे घेणार तेही नाही. वरून पाच मागण्या एका वाक्यात कोंबल्यामुळे एखादी नाकारायची असेल तर कलम क्रमांकाने बोलता येत नाही. हेच असं लिहा:

४.१ ड्यूटी पॉइंट (ज्या प्रवाह आणि हेडवर पंप चालवायचा तो बिंदू): प्रवाह ४५० घनमीटर प्रति तास, एकूण हेड ३२ मीटर. द्रव: कूलिंग वॉटर, ३२ अंश सेल्सिअस.

४.२ ड्यूटी पॉइंटवर पंपाची हमी कार्यक्षमता ८२ टक्के किंवा अधिक. सप्लायर हमीचा नेमका आकडा डेटाशीटमध्ये भरेल.

४.३ प्रवाह, हेड आणि कार्यक्षमतेची चाचणी सप्लायर आपल्या कारखान्यात आयएसओ ९९०६:२०१२, ग्रेड १ई प्रमाणे घेईल. चाचणीच्या किमान १० दिवस आधी मालकाला लेखी कळवणं बंधनकारक.

४.४ इम्पेलर आणि शाफ्ट: डेटाशीटमध्ये दिलेल्या ग्रेडचं स्टेनलेस स्टील. सोबत ईएन १०२०४ प्रकार ३.१ चं मटेरियल सर्टिफिकेट.

४.५ ड्यूटी पॉइंटवर, पंप सेटपासून १ मीटर अंतरावर ध्वनिदाब पातळी ८५ डीबी(ए) पेक्षा जास्त नसेल.

इथे ग्रेड १ई मुद्दाम निवडला आहे. सवयीने बरेच जण १बी किंवा २बी लिहितात. १बी मध्ये प्रवाहाला अधिक-उणे ५ टक्के, हेडला अधिक-उणे ३ टक्के आणि कार्यक्षमतेला उणे ३ टक्के सूट असते. म्हणजे ८२ टक्क्यांची हमी असताना चाचणीत ७९.६ टक्के आले तरी पंप पास, कारण ८२ चे ९७ टक्के म्हणजे ७९.५४. २बी मध्ये ही सूट ५ टक्क्यांवर जाते. १ई मध्ये प्रवाह आणि हेडची सूट १बी एवढीच, पण कार्यक्षमता हमीच्या खाली चालत नाही. बऱ्याच वर्षांचं वीजबिल धरून कार्यक्षमता मागितली असेल, तर एका अक्षराने किती फरक पडतो बघा. १ई ची चाचणी पास करण्यासाठी सप्लायरला जास्त काळजी घ्यावी लागते आणि ती किंमतीत दिसते. म्हणून वर्षातून चार वेळा चालणाऱ्या ड्रेन पंपासाठी हे मागू नका.

६. शब्द आणि क्रियापदं

उत्तम, योग्य, पुरेसा, मजबूत, नामांकित कंपनीचा, आवश्यकतेनुसार, शक्यतो, वगैरे. पहिला मसुदा झाला की हे शब्द शोधून काढा आणि प्रत्येकाच्या जागी आकडा, ग्रेड किंवा यादी बसवा. 'किंवा समतुल्य' ठेवायला हरकत नाही, पण समतुल्य कोणत्या गुणांवर ठरवायचं, ते कोण ठरवणार आणि किती दिवसांत, हे पुढे लिहा.

'करावे' हा आपल्याकडचा लाडका प्रकार. तो हुकूम की सल्ला, हे वाचणारा आपल्या सोयीने ठरवतो. इंटरनेटचे नियम लिहिणाऱ्यांनी ही अडचण १९९७ साली आरएफसी २११९ मध्ये मिटवली: बंधनकारक, शिफारस आणि मुभा यांसाठी ठरावीक शब्द, आणि त्यांचा अर्थ आधीच सांगून टाकलेला. तुमच्या कागदाच्या पहिल्या पानावर तसंच करा. 'करेल' किंवा 'बंधनकारक' म्हणजे सुटका नाही, 'शिफारस' म्हणजे कारण देऊन टाळता येईल, 'करता येईल' म्हणजे मर्जी. आणि 'करण्यात येईल' पूर्ण हद्दपार करा. त्यात कर्ताच नसतो, आणि स्कोपमध्ये सगळा प्रश्न कर्त्याचाच असतो.

७. आकडा एकटा सोडू नका

आकड्यासोबत एकक, सूट आणि तो कोणत्या परिस्थितीत मोजायचा हे हवं. 'दाब ६ बार' मध्ये गेज की अॅब्सोल्यूट? फरक साधारण एका बारचा आहे. 'टन' म्हणजे वजन की रेफ्रिजरेशन? 'सुमारे' म्हणजे किती? सूट देतानाही हात आखडून ठेवा. वर्कशॉपला ज्याची गरज नाही तिथे ०.०५ मिमी मागितलं की मशीनिंगचा खर्च फुकट वाढतो. बिनमहत्त्वाच्या मापांसाठी आयएसओ २७६८-१ चा मध्यम वर्ग पुरतो. १२० ते ४०० मिमी लांबीला तो अधिक-उणे ०.५ मिमी देतो.

एककांच्या घोटाळ्याचं सगळ्यांना माहीत असलेलं उदाहरण म्हणजे नासाचं मार्स क्लायमेट ऑर्बिटर. २३ सप्टेंबर १९९९ रोजी ते मंगळाजवळ हरवलं. जमिनीवरचं एक सॉफ्टवेअर थ्रस्टरच्या आवेगाचे आकडे पाउंड-फोर्स सेकंदात देत होतं, आणि पुढचं गणित ते न्यूटन-सेकंद समजून चाललं होतं, फरक ४.४५ पट. ही गोष्ट सांगताना एक तपशील बहुधा गाळला जातो. न्यूटन-सेकंद वापरायचं हे इंटरफेस स्पेसिफिकेशनमध्ये लिहिलेलं होतं! सॉफ्टवेअरचं आउटपुट त्या कलमाशी कोणी ताडून पाहिलं नाही. म्हणून प्रत्येक कलमापुढे तपासणीचा रकाना ठेवा: मोजमाप, चाचणी, कागदपत्र की नुसती पाहणी. सोबत तपासणाऱ्याचं पद.

८. स्टँडर्डचा नुसता नंबर पुरत नाही

'संबंधित आंतरराष्ट्रीय मानकांप्रमाणे' या ओळीची किंमत शून्य. स्टँडर्डचा क्रमांक, वर्ष आणि त्यातला पर्याय, तिन्ही हवेत. रंगकामाला 'आयएसओ १२९४४ प्रमाणे' म्हणणं अर्धवट आहे. गंजाचा वर्ग कोणता, सी३ की सी५? टिकाऊपणा किती? आयएसओ ८५०१-१ प्रमाणे पृष्ठभाग एसए २½ पर्यंत साफ करायचा की कमी? कोरड्या थराची जाडी किती मायक्रॉन? आणि जे स्टँडर्ड तुम्ही उघडून वाचलेलं नाही, ते लिहू नका. मागच्या टेंडरमधून चिकटवलेल्या याद्यांमध्ये पंपाच्या कागदात बॉयलरचे नियम येतात. बोलीदार हसतो आणि बाकीचा कागदही तेवढ्याच गांभीर्याने वाचतो.

९. काम झालं, हे कधी म्हणायचं

टेस्टिंगचा तक्ता स्कोपसोबत जोडा: कोणती तपासणी, कुठे, कोणत्या कलमाप्रमाणे, पास होण्याची मर्यादा काय, रिपोर्ट कोणाचा. प्रत्येक ओळीला होल्ड की विटनेस ते लिहा. होल्ड असेल तर मालकाची सही झाल्याशिवाय पुढे जाता येत नाही. विटनेस असेल तर वेळेवर कळवूनही मालक आला नाही, तर काम पुढे चालू राहतं. सगळंच होल्ड करून ठेवलं तर उशीर तुमच्याच नावावर लागेल. आपल्या पंपासाठी ग्राउट ओतण्याआधीची लेव्हल आणि पाइप जोडल्यानंतरचं अलाइनमेंट (पंप आणि मोटरचे शाफ्ट एका रेषेत असणं), हे दोन होल्ड पुरेत. अलाइनमेंट पाइप जोडल्यावर पुन्हा घ्यायचं, हे ठळक लिहा. ओढूनताणून जोडलेला पाइप पंपाला जागेवरून हलवतो.

चाचणी नापास झाली तर दुरुस्ती आणि फेरचाचणी कोणाच्या खर्चाने, तेही ठरवून ठेवा. 'पूर्ण' ची व्याख्याही मोजता येण्याजोगी करा: सलग ७२ तास चालणं, त्या काळात बेअरिंगचं तापमान आणि कंपन ठरलेल्या मर्यादेत, गळती नाही, आणि अॅज-बिल्ट (प्रत्यक्ष झालेल्या कामाचं) ड्रॉइंग, मॅन्युअल व सर्टिफिकेट जमा. शेवटच्या हप्त्याला कागदपत्रं बांधा. पंप एकदा फिरू लागला की मॅन्युअलसाठी कोणी फोन उचलत नाही.

१०. पाठवण्याआधी आणि पाठवल्यानंतर

एकच माहिती दोन ठिकाणी लिहू नका; एका जागी लिहा आणि बाकी ठिकाणी कलम क्रमांक द्या. तरीही विसंगती राहील, म्हणून कागदांचा अग्रक्रम सांगा. डेटाशीट, स्पेसिफिकेशन, ड्रॉइंग यांत तफावत आली तर कोणाचं खरं, हे करारातल्या क्रमाशी जुळवून घ्या.

मग तो कागद दोघांना वाचायला द्या. एक जण बोलीदाराच्या नजरेने वाचेल: कुठे कमी देऊन सुटता येईल? दुसरा साइटवरचा सुपरवायझर. त्याने एका हातात स्कोप आणि दुसऱ्या हातात खडू घेऊन पंपहाऊसमध्ये फिरावं आणि सगळे टर्मिनल पॉइंट खुणेने दाखवावेत. जिथे तो अडखळेल ती ओळ पुन्हा लिहा. तुम्ही बाजूला उभं राहून समजावून सांगायचं नाही.

बोलीदारांकडून डेविएशनचा (स्पेसिफिकेशनपासूनच्या फरकांचा) तक्ता कलमवार मागा: मान्य, अमान्य, किंवा पर्याय आणि त्याने किंमतीत पडणारा फरक. 'सर्वसाधारणपणे मान्य' हे उत्तर परत पाठवा. एकाने विचारलेल्या शंकेचं उत्तर सगळ्यांना, त्याच दिवशी, लेखी. आणि करारावर सही होण्याआधी त्या सगळ्या उत्तरांनी बदललेल्या ओळी मूळ स्पेसिफिकेशनमध्ये उतरवून नवी रिव्हिजन काढा. बदललेल्या कलमाशेजारी समासात रिव्हिजनची खूण आणि तारीख ठेवा. तारखेत महिना अक्षरात, कारण ०३/०४ म्हणजे मार्च की एप्रिल यावरूनही वाद होऊ शकतो. हे न करता करारासोबत ईमेलचा गठ्ठा जोडला, तर साइटवरच्या फोरमनच्या हातात जुनीच प्रत राहते आणि तो तिच्याप्रमाणेच बोल्ट कापतो.